अभिधेच्या पलीकडे : ‘अ‍ॅडोलेसन्स’ या नाट्यमालिकेचे एक वाचन

एखाद्या कलाकृतीने समाजात खळबळ उडवून दिली म्हणजे तिचे परीक्षण सोपे होत नाही. उलट ते अधिक अवघड होऊन बसते. खळबळ विषयामुळे उडाली की कलेमुळे, हे वेगळे काढून पाहण्याची उसंत टीकाकाराला मिळत नाही. जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहॅम यांनी लिहिलेल्या व फिलिप बॅरँटिनी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘अ‍ॅडोलेसन्स’ या चार भागांच्या ब्रिटिश नाट्यमालिकेच्या बाबतीत असेच घडले. १३ मार्च २०२५ रोजी ती नेटफ्लिक्सवर प्रसृत झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ती ब्रिटनमधील सर्व माध्यमिक शाळांना विनामूल्य उपलब्ध करून देण्याचे जाहीर झाले. खुद्द पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी त्या योजनेला पाठिंबा दिला. पुढे सप्टेंबरात मालिकेला एमी पारितोषिके मिळाली आणि जेमीची भूमिका करणारा ओवेन कूपर पंधराव्या वर्षी त्या पारितोषिकाचा मानकरी ठरला. नाट्यकृती पाठ्यपुस्तकासारखी वर्गात नेली जाते, तेव्हा तिच्याकडे दोन प्रश्न घेऊन जावे लागते. ती कलाकृती म्हणून उभी राहते काय, हा पहिला. आणि ज्या व्यथेचे नाव घेऊन ती वर्गात आली, ती व्यथा ओळखण्यास ती शिक्षकाला शिकविते काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांनी दिलेच आहे. प्रस्तुत लेखाचा रोख दुसऱ्याकडे आहे.

कथानक थोडक्यात असे. उत्तर इंग्लंडमधील एका गावात पहाटे पोलीस एका घराचे दार फोडून आत शिरतात आणि तेरा वर्षांच्या जेमी मिलरला अटक करतात. केटी या आपल्या शाळेतील मुलीचा त्याने सुऱ्याने खून केला, असा आरोप आहे. पहिल्या भागाच्या शेवटी कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य बापासमोर दाखविले जाते आणि खुनी कोण, हा प्रश्न तेथेच संपतो. दुसरा भाग तिसऱ्या दिवशी शाळेत घडतो, तिसरा सात महिन्यांनी जेमी आणि मानसशास्त्रज्ञ ब्रायनी यांच्या भेटीत, आणि चौथा तेरा महिन्यांनी, बापाच्या पन्नासाव्या वाढदिवशी, त्या मोडलेल्या घरात. प्रत्येक भाग कोठेही न तोडता एका सलग चित्रणात घेतलेला आहे. या युक्तीची स्तुती पुष्कळ झाली. परंतु तिचा अर्थ केवळ कसरतीचा नाही. सलग चित्रणात प्रेक्षकाला नजर वळविता येत नाही. अवघडलेला क्षण अवघडलेलाच सोसावा लागतो. त्याचबरोबर या पद्धतीची एक मर्यादाही आहे, आणि ती कथेच्या गाभ्याशी जाऊन भिडते. कॅमेरा दालनांतून, जिन्यांवरून, गाडीतून सतत फिरतो, पण ज्या ठिकाणी मूळ क्रौर्य घडले त्या ठिकाणी तो जाऊच शकत नाही. ते ठिकाण म्हणजे मुलांच्या हातातील मोबाईलचा पडदा. तेथे जे घडले ते नाटक सुरू होण्यापूर्वीच घडून गेले आहे. प्रौढ माणसे ज्या दाराबाहेर उभी असतात त्याच दाराबाहेर या नाट्यरचनेने प्रेक्षकालाही उभे केले आहे. हे योजून झाले असो वा अनायासे, मालिकेची खरी शक्ती येथे आहे.

ही शक्ती सर्वाधिक प्रत्ययाला येते ती दुसऱ्या भागात. इन्स्पेक्टर बॅस्कम खुनामागचा हेतू शोधीत शाळेत आला आहे. जेमीच्या इन्स्टाग्रामवर केटीने टाकलेली काही भावचिन्हे त्याच्याजवळ आहेत. ती पाहून त्याने तर्क केला आहे की, ही मुलगी जेमीशी स्नेहाने वागत होती. त्याच शाळेत शिकणारा त्याचा मुलगा अ‍ॅडम बापाला बाजूला घेतो आणि काहीशा संकोचाने सांगतो की, बाबा, तुम्ही हे चुकीचे वाचीत आहात. लाल गोळीचे चिन्ह म्हणजे १९९९ च्या ‘द मेट्रिक्स’ या चित्रपटातून उचललेली खूण. ‘सत्य’ कळून डोळे उघडल्याचा दावा करणाऱ्या स्त्रीद्वेष्ट्या पुरुषांच्या टोळ्यांनी ती आपलीशी केली आहे. शंभराचा आकडा म्हणजे ऐंशी टक्के स्त्रिया केवळ वीस टक्के पुरुषांकडेच आकृष्ट होतात, या त्याच टोळ्यांच्या निराधार सिद्धांताकडे निर्देश. हृदयाच्या प्रत्येक रंगाला निराळा अर्थ. या सर्वांचा एकत्रित अन्वय असा की, तू कोणत्याही मुलीला कधीच आवडणार नाहीस, असे केटी जेमीला सर्वांच्या देखत सांगत होती. ज्याला पोलीस स्नेह समजले तो जाहीर उपहास होता.

आपल्या काव्यशास्त्राचा ज्यांना परिचय आहे त्यांना हा प्रसंग पाहताना आनंदवर्धनाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. नवव्या शतकातील त्या काश्मिरी आचार्याने ध्वनीचा विचार मांडताना घेतलेले एक प्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीमधील आहे. गोदाकाठच्या संकेतस्थळी एक धार्मिक गृहस्थ वारंवार येऊन व्यत्यय आणतो. नायिका त्याला सांगते की, आता खुशाल फिरा, ज्या कुत्र्याची तुम्हांला भीती वाटे त्याला तेथल्या सिंहाने मारले. शब्द येण्याचे आमंत्रण देतात. अर्थ येण्याची बंदी करतो. वाच्यार्थ विधीचा, व्यंग्यार्थ निषेधाचा. पुढे मम्मटाने स्पष्ट केले की, व्यंग्यार्थ केवळ शब्दात नसतो. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, स्वर कसा, प्रसंग कोणता, जवळ तिसरे कोण उभे आहे, या साऱ्यांतून तो उमटतो. इन्स्पेक्टर बॅस्कमजवळ चिन्हे होती. पण बोलणारा, ऐकणारा, प्रसंग आणि जवळ उभे असलेले शेकडो बघे यांपैकी काहीही त्याच्याजवळ नव्हते. त्याने अभिधेने वाचले. मुले व्यंजनेत जगत होती.

किशोरवयातील या नव्या छळाचे मर्म येथे सापडते, आणि शिक्षकांनी ते नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. छळणारा मजकूर पुष्कळदा सभ्य दिसतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा, एक हसरे चिन्ह, ‘किती छान’ एवढे दोन शब्द, किंवा वर्गाच्या गटातून गुपचूप वगळणे, जेथे मजकूरच नाही. तक्रार घेऊन आलेल्या मुलीचा मोबाईल हातात घेऊन ‘यात वाईट काय लिहिले आहे?’ असे विचारणारा शिक्षक बॅस्कमचीच चूक करीत असतो. काव्याची ओळ फोडून दाखविणारे आपण, वर्गातील मुलाला आलेली ओळ मात्र कोशातील अर्थाने वाचतो, हा विरोध विचार करायला लावणारा आहे. अर्थ सांगण्यास समर्थ असा एकच माणूस तेथे असतो, आणि तो म्हणजे ज्याला ती ओळ लागली तो. म्हणून प्रश्न ‘काय लिहिले आहे?’ असा नसून ‘तू हे कसे वाचलेस, आणि बाकीच्यांनी कसे वाचले असेल?’ असा असावा लागतो.

लेखकद्वयाने याच सूत्राला आणखी एक सूक्ष्म धागा जोडला आहे, आणि पुष्कळांच्या नजरेतून तो निसटतो. मालिकेच्या अगदी आरंभी, दार फोडण्यापूर्वी, बॅस्कम गाडीत बसून मुलाने पाठविलेला निरोप ऐकतो. पोटात बरे वाटत नाही, आज शाळेत गेले नाही तर चालेल का, असे अ‍ॅडमने विचारले आहे. बाप ते हसण्यावारी नेतो. दुसऱ्या भागात शाळेत पाऊल ठेवल्यावर आपल्या ध्यानात येते की, अ‍ॅडमची तेथे सुखाची स्थिती नाही. पोटदुखी हेही एक चिन्हच होते, आणि तेही बापाने अभिधेनेच वाचले होते. दुसऱ्याच्या घरातील अपराधाचा तपास करायला निघालेला माणूस आपल्या घरातील निरोप वाचू शकला नव्हता. एवढा मोठा आशय एका ध्वनिमुद्रित निरोपात कोणताही गाजावाजा न करता बसविणे, हे उत्तम नाट्यलेखनाचे लक्षण होय.

येथवर प्रशंसा झाली. आता आक्षेप. मालिकेतील सर्वांत दुखावलेली व्यक्ती मालिकेत नाही. तिसऱ्या भागात जेमीच्या बोलण्यातून उलगडते की, केटीचे एक अर्धनग्न छायाचित्र शाळेतील मुलांच्या मोबाईलवर फिरले होते. ते फिरल्यावर ती खचली असेल, म्हणून आता आपल्याला होकार देईल, असा हिशेब करून जेमीने तिला जत्रेला येण्याविषयी विचारले. तिने नकार दिला. त्यानंतर तिची ती चिन्हे आली. म्हणजे केटी केवळ उपहास करणारी नव्हती; त्याहून भयंकर छळ तिने आधी सोसला होता. तो छळ कोणी केला, त्या दिवसांत ती शाळेत कशी आली, कोणत्या शिक्षिकेजवळ बोलली की कोणाजवळच बोलली नाही, याविषयी चार तासांच्या आसपास चालणारी ही मालिका जवळजवळ मौन पाळते. तिची मैत्रीण जेड दुःखाने आणि संतापाने फुटते, तेवढाच तिचा उसासा. मालिकेला या उणिवेची जाणीव नाही असेही नाही. सार्जंट मिशा फ्रँक दुसऱ्या भागात सांगते की, सर्वांना जेमी आठवील, केटी कोणाला आठवणार नाही. पण उणीव बोलून दाखविली म्हणजे ती भरून निघत नाही.

या ठिकाणी मराठीतील एका कृतीशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या ‘फँड्री’ या चित्रपटातही किशोरवय आहे, शाळा आहे, एकतर्फी ओढ आहे आणि जाहीर विटंबना आहे. डुकरे पकडण्याचे काम जब्याला आपल्या वर्गमित्रांच्या नजरेसमोर करावे लागते. बघे हसत असतात. त्या विटंबनेचे मूळ जातीत आहे, आणि म्हणून दोन्हींची तुलना एका मर्यादेपर्यंतच करता येते. तथापि दृष्टिकोनाचा फरक बोलका आहे. मंजुळे कॅमेरा ज्याची विटंबना होते त्याच्यापाशी ठेवतात, आणि अखेरीस त्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. बघे आपणच आहोत, हे तेथे नाकारता येत नाही. ‘अ‍ॅडोलेसन्स’मध्ये आपण पोलीस, मानसशास्त्रज्ञ, आईबाप यांच्याबरोबर असतो, शोध घेणाऱ्यांच्या रांगेत असतो. बघ्यांच्या रांगेत आपल्याला कोणी उभे करीत नाही. आणि आंतरजालावरील छळ तर बघ्यांवाचून उभाच राहू शकत नाही. केटीचे छायाचित्र एका मुलाने पाठविले असेल, पण ते फिरले ते पुढे पाठविणाऱ्या अनेक हातांमुळे. त्या हातांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मालिका विचारीत नाही.

दुसरा आक्षेप परिणामाविषयीचा. चित्र, मागणी, नकार, उपहास आणि खून ही साखळी अशी मांडली गेली आहे की, घाईचा प्रेक्षक तिला कार्यकारणाची साखळी समजू शकेल. ‘तिने हिणवले म्हणून त्याने मारले’ असे बोलू लागेल. वस्तुतः लेखकांचा असा अभिप्राय नाही. तिसरा भाग काळजीपूर्वक पाहिला तर कळते की, जेमीला हिणवण्याची जखम आहे. पण मुलीने नकार देणे हाच अन्याय, असे मानायला तो आधीच शिकून बसला आहे. ब्रायनीवर तो खेकसतो, उभा राहून तिला धाक घालतो, आणि जाताना तिला आपण आवडतो की नाही हे केविलवाणेपणाने विचारतो. पीडित आणि पीडक एकाच देहात नांदू शकतात, हे या भागाइतक्या प्रखरतेने क्वचितच कोणी दाखविले असेल. शिक्षकांना या दर्शनाचा उपयोग आहे. कारण शाळेत आपण नेहमी एक गुन्हेगार आणि एक निरपराध शोधीत असतो. काल ज्याची टर उडविली गेली तो आज दुसऱ्याची उडवितो, हे वर्गातील नित्याचे सत्य आहे. त्यामुळे त्याचा आजचा दोष नाहीसा होत नाही, आणि आजच्या दोषामुळे कालची जखमही खोटी ठरत नाही.

परंतु खुनासारखा शेवट निवडल्याने एक दृष्टिदोष निर्माण होतो. असा शेवट विरळ असतो. नित्याचा शेवट मुकाट्याचा असतो. मूल जेवताना बोलत नाही, सहलीला येत नाही म्हणते, गुण घसरतात, पडदा उजळला की चेहरा पडतो. ही मालिका पाहून वर्गात शिरणारा शिक्षक मागच्या बाकावर जेमी शोधू लागला, तर शेजारीच बसलेली केटी त्याला दिसणार नाही. 

चौथ्या भागात आईबाप एकमेकांना सांगतात की, तो आपल्या खोलीत होता आणि आपल्याला तो सुरक्षित वाटत होता. रात्री एकपर्यंत त्याच्या खोलीत दिवा असे. आई दार वाजवी, दिवा मालवला जाई, आतून शब्द येत नसे. बापाने लहानपणी पट्ट्याचा मार खाल्ला होता. आपल्या मुलावर हात उगारायचा नाही हा निर्धार त्याने पाळला. तरीही मुलगा हातचा गेला. या दृश्यात लेखकांनी कोणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नाही, आणि म्हणून ते अंतःकरणाला भिडते. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही २००४ ची कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. आणीबाणीच्या काळातील नववीच्या त्या वर्गातही टोपणनावे आहेत, चोरटी नजर आहे, चिडवणे आहे. परंतु त्या चिडवण्याला जागा आणि वेळ होती. घंटा झाली, रस्ता संपला, घर आले की ते थांबे. आणि मोठी माणसे ती भाषा ओळखीत, कारण लहानपणी तीच भाषा ती बोलली होती. आज घरी आल्यावरही ते थांबत नाही, आणि ती भाषा मोठ्यांनी कधी बोललेली नाही. बंद दाराचा अर्थच पालटला आहे. पूर्वी त्याने बाहेरचे जग बाहेर राही. आता त्याने केवळ आईबाप बाहेर राहतात.

मग करावे काय? नाटकाने उपाय सांगावा, अशी अपेक्षा करणे रसिकतेला सोडून होईल. तथापि ही मालिका शाळांत उपदेशासाठी नेली गेली आहे, म्हणून तिने मोकळी सोडलेली जागा शिक्षकालाच भरावी लागेल. मुले सांगत नाहीत याचे एक मोठे कारण साधे आहे. सांगितले की मोबाईल काढून घेतला जाईल, ही भीती. ज्याचा छळ झाला त्यालाच शिक्षा झाली, असे त्याला वाटते. ‘तुझा मोबाईल तुझ्याकडेच राहील, आपण दोघे मिळून पाहू’ हे वाक्य पहिल्याने उच्चारणारा शिक्षक अर्धे काम करून गेलेला असतो. उलट उत्तर देऊ नये. संबंधित खात्याला बंदी घालण्यापूर्वी हिणवणाऱ्या मजकुराची तारखेसह नोंद ठेवावी. मग त्या माध्यमाकडे व शाळेकडे तक्रार करावी. केटीसारख्या प्रसंगी मात्र ते चित्र पुरावा म्हणूनही कोणी उतरवून घेऊ नये वा पुढे पाठवू नये. अठरा वर्षांखालील मुलांच्या अशा चित्रांसाठी २०२३ पासून ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा आहे. तीत चित्र कोठेही पाठवावे लागत नाही, त्याचा केवळ अंकात्मक ठसा घेतला जातो आणि सहभागी माध्यमे तो जुळणारे चित्र काढून टाकू शकतात. आपल्या देशात २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ ए हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केले. म्हणून त्याचा हवाला देणे व्यर्थ. परंतु बालकांच्या लैंगिक चित्रणाविरुद्धचे ६७ बी हे कलम आहे, आणि २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने असा गुन्हा समजलेल्या प्रत्येकावर तो कळविण्याचे बंधन घातले आहे. शिक्षक त्याला अपवाद नाही. बालकांसाठी १०९८ हा दूरध्वनी आहे आणि केंद्र सरकारचे सायबर गुन्हे नोंदणीचे संकेतस्थळही आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मराठी घरांना या प्रश्नाचा एक विशेष पदर आहे. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपली मुले घरी मराठीत बोलतात, शाळेत दुसऱ्या भाषेत शिकतात, आणि मित्रांशी कन्नड, हिंदी, गुजराती, तेलुगू व इंग्रजी यांची मिसळ रोमन अक्षरांत टाईप करतात. त्या मिसळीतील कोणता शब्द प्रेमाचा आणि कोणता बोचरा, हे घरातील वडीलधाऱ्यांना कळण्याचा संभव आणखी कमी. परंतु दोन भाषांच्या सीमेवर राहिल्यामुळे एक गोष्ट आपण अनुभवाने जाणतो. एकच शब्द उंबरठा ओलांडला की अर्थ पालटतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. परभाषेतील शब्द कळला नाही तर तिच्या बोलणाऱ्याला विचारावा, यात आपल्याला कमीपणा वाटलेला नाही. तीच रीत मुलांच्या भाषेच्या बाबतीत स्वीकारण्यास हरकत नसावी.

अ‍ॅडमने बापाला बाजूला घेऊन चिन्हांचा अर्थ सांगितला, तो प्रसंग या मालिकेतील एकमेव आशेचा प्रसंग आहे. तेथे मूल शिक्षक झाले आणि बाप विद्यार्थी. त्या भागाच्या अखेरीस बॅस्कम काम बाजूला ठेवून मुलाला बरोबर घेऊन खायला जातो. त्याने मुलाला दुसऱ्यांदा वाचायला घेतले आहे. कलाकृती म्हणून ‘अ‍ॅडोलेसन्स’ उंच आहे, पण केटीच्या बाबतीत अपुरी आहे. वर्गात ती दाखविणाऱ्यांनी पडदा मिटल्यावर जेमीने असे का केले, हा प्रश्न अवश्य विचारावा. पण त्याआधी, ते छायाचित्र फिरत होते त्या आठवड्यात केटीशेजारी कोण बसले होते, हा प्रश्न विचारावा.